एकवीस नंबर सगळीकडे थांबते

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून मी गुप्त आहे. घरात नाही, ऑफिसच्या कागदावर.

सव्वीस वर्षं एकवीस नंबरच्या शेवटच्या थांब्यावर टाइमकीपर होतो. काचेच्या केबिनीत बसायचं, येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ वहीत लिहायची, उशीर झाला की लाल शाईनं. ती केबिन गेल्या महिन्यात पाडली. आता वेळ यंत्र लिहितं. मला वाटलं, आपणही गाशा गुंडाळायचा. पण नव्या गुणवत्ता कक्षाच्या साहेबांनी बोलावून घेतलं. काम असं, की साध्या प्रवाशासारखं बसमध्ये बसायचं आणि अठरा प्रश्नांचा फॉर्म भरायचा. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबली का, फुटपाथला लागून थांबली का, कंडक्टर कसा बोलला, खिडक्या उघडतात का. माझ्या वाट्याला एकवीस नंबरच आला, आमच्या घरावरून जाणारा. साहेब माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, पण बोलणं वजनदार. म्हणाले, "लोक तक्रारी करतात, ड्रायव्हर सबबी सांगतात. आपण मोजायचं. तुमच्याइतका काटेकोर माणूस माझ्याकडे दुसरा नाही." सव्वीस वर्षांत असं मला कुणी म्हणालं नव्हतं. परत येताना उगाच दोन थांबे चालत आलो.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं बाहेर बसून बसची वाट बघितलीस, आता आत बसून बघ." तिची जीभ ही अशी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. उजवा पाय लहानपणापासून लुळा, त्याला मांडीपर्यंत पट्ट्यांचा बूट आणि हातात काठी. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, आणि मी बावन्न वर्षांचा झालो तरी माझ्या ताटात काय पडलं ते अजून तीच बघते. मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन बोर्डावर आहे. ड्युटी सातची. सहा-दहाची एकवीस नंबर ही पहिली गाडी, ती सहा अठ्ठेचाळीसला हॉस्पिटलपाशी सोडते. साडेसहाची धरली की सात वाजून आठ मिनिटं, म्हणजे उशीर.

ही डायरी ऑफिसात उरलेली, गेल्या वर्षीची. वार खोडून नवे घातलेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चार दिवस, अकरा फेऱ्या. मजा येते आहे!

वेश बदलण्यावर मी बराच विचार केला. सोमवारी टोपी घातली, मंगळवारी काढली, आज ताईचा जुना चष्मा लावला. दोन वेळा पायरी चुकली, पण ओळखलं कुणी नाही. खरं तर ओळखण्याचा प्रश्नच नाही. या लोकांनी मला इतकी वर्षं फक्त काचेमागे बघितलंय, तेही कमरेपासून वर. मी डावीकडच्या पहिल्या सीटवर बसतो, तिथून थांबे नीट दिसतात. तिकीट घेताना "फेरी क्रमांक वाचता येईल असं द्या" एवढंच सांगतो, कारण ते फॉर्मला जोडावं लागतं.

एक कंडक्टर आहे, घंटी वाजवण्याऐवजी तोंडानं शीळ घालतो, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणतात. त्यानं आज एका धट्ट्याकट्ट्या माणसाला उठवून मला जागा दिली. "बसा काका, उभे नका राहू." सौजन्य, पाचपैकी पाच.

आणखी एक गोष्ट बघून बरं वाटलं. समोरून आमची दुसरी गाडी आली की ड्रायव्हर दोनदा दिवे लावून विझवतो. प्रत्येक गाडीला, न चुकता. केवढा एकोपा! फॉर्मात याला रकानाच नव्हता. साहेबांना सुचवलं. त्यांनी लगेच एकोणिसावा प्रश्न घातला, परस्पर सौजन्य.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ताईशी भांडण.

आल्या आल्या तिनं काठी कोपऱ्यात आदळली. म्हणाली, "तुझी एकवीस नंबर आज परत थांबली नाही. या आठवड्यात दुसऱ्यांदा." मी म्हटलं, असं होणार नाही, माझ्या एकोणतीस फेऱ्यांत एकही थांबा चुकलेला नाही. ती म्हणाली, "तुझ्या फेऱ्यांचं तू बघ. माझ्यासमोर हळू झाली, ड्रायव्हरनं काठी बघितली आणि निघून गेला."

"हात नीट दाखवला होतास का?"

"हात? अरे, काठी उचलून दाखवली. पडता पडता वाचले."

मी तिला समजावून सांगितलं की एका माणसाचा अनुभव आणि मोजमाप यात फरक असतो. माणसाला न थांबलेली गाडी लक्षात राहते, थांबलेल्या शंभर विसरतो. हे साहेबांनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. ताईनं पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "हॉस्पिटलनं टेलिफोनचं काम एका कंपनीला दिलंय. माझा करार एक एप्रिलला संपतो. उशिराचा पहिला मेमो आज मिळाला. हे पण तुझ्या त्या शंभरात धर."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बोलत नाही. डबा भरून दिला, पण टेबलावर आदळून.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पहिला अहवाल तयार झाला. एकवीस नंबर सगळ्या मार्गांत पहिला! थांब्यावर थांबण्याचं प्रमाण सत्त्याण्णव पूर्णांक चार टक्के. ते दोन पूर्णांक सहा रस्ता खोदलेला होता म्हणून गेले. साहेबांनी रंगीत तक्ता भिंतीवर लावला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. मी घरी येईपर्यंत तो आकडा मनात म्हणत होतो.

ताईला दुसरा मेमो. ती आज नीट, हळू बोलली, तेच मला जड गेलं. "तू एकदा माझ्याबरोबर सहा-दहाला ये आणि बघ. एकदाच." मी म्हटलं, नमुना ठरलेला आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. मध्येच एखादी फेरी घुसडली तर पारडं झुकतं, शास्त्र बिघडतं.

इथं खरं लिहायला हरकत नाही. नमुना मीच ठरवला होता. साहेबांनी विचारलं, कधीपासून सुरू करायचं, तर मी आठ म्हणालो. सहाला सुरू करायचं म्हणजे पाचला उठायचं, आणि मला ते जमत नाही. आठला गर्दी असते, गर्दीत खरी परीक्षा होते, असं कारण मागाहून सुचलं. ते काही खोटं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आमच्या थांब्यावर एक शिंपीणबाई असते, हातात कायम कापडाचं बोचकं. मी आठला पोचलो तर तिच्यासोबत पाच-सहा जण उभे. मी विचारलं, सात पन्नासची गेली नाही का? म्हणाली, "गेली. भरधाव." मी म्हटलं, मग तुम्ही चढला नाहीत? हसली. "तुमच्या गाडीनं जायचं म्हणून थांबलो. तुम्ही असलात की बरं पडतं."

सव्वीस वर्षं लोक मला बघून घड्याळात बघायचे. कुणाला माझी सोबत हवीशी वाटते हे नवीनच. गाडी अगदी फुटपाथला लागून थांबली.

बुधवार, ५ मार्च

साहेबांनी तक्रारींचा गठ्ठा काढला. एकवीस नंबरवर त्रेचाळीस. म्हणाले, "आपल्याकडे आता पुरावा आहे. एकेकाची चौकशी करत बसायचं कारण नाही. एक मसुदा करा, सही तुमचीच, सर्वेक्षक म्हणून." मसुदा केला, साहेबांनी एक शब्दही बदलला नाही. पत्रांवर नाव नसतं, तक्रार क्रमांक असतो. पत्ते टायपिस्टबाई पाकिटावर घालतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्रेचाळीस सह्या केल्या, हाताला मुंग्या आल्या. छापील पत्रावर माझी सही कशी दिसते ते पहिल्यांदाच बघितलं. छान दिसते.

शनिवार, ८ मार्च

ताईनं चहा समोर ठेवला आणि विचारलं, "तुझी सही अजून तशीच आहे का रे, शेवटी शेपटी काढलेली?"

"तशीच. का?"

तिनं पिशवीतून पाकीट काढलं आणि वाचायला लागली, बोर्डावर बोलते तसल्या गोड आवाजात. "आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे. प्रत्यक्ष सर्वेक्षणानुसार मार्ग क्रमांक एकवीसवरील गाड्या सर्व थांब्यांवर थांबतात. आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही." वाक्यं माझीच. 'तथ्य' हा शब्द लिहिताना मला फार आवडला होता.

ती आधी हसली. खूप हसली, मग हसता हसता रडायला लागली, आणि मी चहाकडे बघत बसलो. ताईला मी आई गेली तेव्हा रडताना बघितलं होतं, त्यानंतर आज. परवा तिला तिसरा मेमो मिळालाय. कंपनीच्या बाईंनी दुसऱ्या मेमोच्या वेळीच सांगितलं होतं, गाडी थांबत नाही असं म्हणता ना, मग बसवाल्यांचं तसं पत्र आणा, अठ्ठावीस तारखेपर्यंत. नाहीतर करार वाढणार नाही. म्हणून हिनं मला न सांगता तक्रार केली होती.

"हे जोडू का आता? सख्ख्या भावाच्या सहीचं?"

"मला काय माहीत तुझी तक्रार त्यात आहे ते!"

"माझी नसती तर ते खरं झालं असतं का?"

छप्पन्नाव्या वर्षी तिला दुसरीकडे कोण घेणार, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मंगळवार, ११ मार्च

पाचला उठलो. तिच्याबरोबर थांब्यावर गेलो. सहा-दहाची गाडी सहा-दहाला आली, समोर येऊन थांबली. शिट्टी स्वतः खाली उतरला, ताईच्या कोपराला धरून वर चढवलं, ती बसेपर्यंत शीळ घातली नाही. मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "बघ!"

तिचा चेहरा दगडासारखा. तीन थांबे गेल्यावर हळूच म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर उभा राहू नकोस. पलीकडच्या दुकानाच्या आडोशाला थांब."

बुधवार, १२ मार्च

हे जसं झालं तसं लिहितो.

बंद दुकानाच्या शटरला चिकटून उभा होतो. ताई थांब्यावर एकटी. सहा-अकराला गाडी आली. हळू झाली. ताईनं काठी उचलली. ड्रायव्हरनं तिच्याकडे बघितलं, मला स्पष्ट दिसलं, आणि गाडी निघाली. माझ्या तोंडून "ए!" निघालं आणि मी आडोशातून रस्त्यात आलो. गाडी चाळीस पावलं पुढे जाऊन करकचून थांबली. मग ती मागे यायला लागली! सबंध बस, उलटी, पीं पीं करत, ताईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. शिट्टी दारातून ओरडला, "सॉरी साहेब, दिसल्याच नाहीत मावशी!"

मला 'साहेब' म्हणाला. काका नाही.

ताई चढली. चढताना माझ्याकडे बघितलंही नाही. मी पण चढलो, आणि तिला हॉस्पिटलपाशी सोडल्यावर शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथं शिट्टीला धरलं. तो बिचारा ओशाळला होता, पण खोटं बोलला नाही. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. दोनदा दिवे म्हणजे 'मापटं रस्त्यावर आहे'. मापटं म्हणजे मी. मी गाडीत असलो की ती गाडी सगळीकडे थांबते, मागची-पुढची जमेल तिथं थांबा गाळते आणि वेळ भरून काढते. थांब्यावरच्या लोकांना हे कधीच कळलंय, म्हणून ते माझ्यासाठी ताटकळतात.

शिंपीणबाई हसली होती ते आठवलं. मी म्हटलं, "अरे, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पांगळ्या बाईला सोडून जाता? लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "पण मावशींना चढवायला पाऊण मिनिट जातं. असे चार जण निघाले की तीन मिनिटं. पंचावन्न मिनिटांत शेवटच्या थांब्यावर पोचायचं, नाहीतर उशीर लागतो, चहाची सुट्टी कापली जाते. आता यंत्र लिहितं. आधी तुम्ही लिहायचात. लाल शाईनं. ड्रायव्हर तुमच्या केबिनीत येऊन सांगायचे, अमक्या थांब्यावर एक आजारी माणूस होता म्हणून. तुम्ही म्हणायचात, कारणांना रकाना नाही."

मी असं म्हणत असे. रकाना नव्हताच. माझी काय चूक?

गुरुवार, १३ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. ते माझं बोलणं संपेपर्यंत पेन फिरवत होते. मग म्हणाले, "अहवाल वर गेला. वरून शाबासकी आली. आता मी काय सांगू, की माझी गुप्त माणसं सगळ्या शहराला माहीत आहेत?" मी म्हटलं, निदान बारा मार्चची फेरी नोंदवा. ते म्हणाले, "ती आठच्या आधीची. नमुन्याबाहेर." माझाच नमुना, माझ्याच तोंडावर.

दाराशी पोचलो तेव्हा जरा प्रेमानं म्हणाले, "तुमच्या बहिणीचं आहे हे आधी सांगायला हवं होतंत. आता तुम्ही काहीही लिहिलंत तरी लोक म्हणणार, बहिणीसाठी लिहिलं. त्यापेक्षा सोपं आहे, सकाळी त्यांच्याबरोबर जा. तुम्ही असलात की गाडी थांबतेच ना?"

शनिवार, २२ मार्च

नऊ दिवस रोज पाचला उठतोय. ताईला एकदाही उशीर नाही.

आता सहा-दहाला थांब्यावर सोळा माणसं असतात. बातमी पसरली. कुणीतरी मला फोल्डिंगचं स्टूल आणून दिलंय. काल मला ताप होता, ताईनं नको म्हटलं, तरी पावणेसहाला शिंपीणबाई दारात. "येताय ना? माझ्या कामाचा पहिला दिवस आहे नव्या ठिकाणी." गेलो, मफलर गुंडाळून. गाडी थांबली, सगळे चढले. आता माझी सुटका नाही. मी गाडी मोजत नाही, मी नुसता उभा राहतो. रस्त्यात रोवलेला खांब बरा, त्याला पाचला उठावं लागत नाही.

ताई गाडीत माझ्याशेजारी बसत नाही. म्हणते, "मी काय शाळेत चालले आहे? तीस वर्षं एकटी जाते. मला गाडी थांबायला हवी होती, पहारेकरी नको होता." तरी उतरताना तिनं एकदा माझ्या खांद्याला धरलं. मला बरं वाटलं. हे तिला सांगितलं तर काठी खाईन.

अठ्ठावीस तारीख सहा दिवसांवर आलीय. पत्राचं दोघंही बोलत नाही.

गुरुवार, २७ मार्च

आज पत्र लिहिलं. दुपारभर फाडाफाडी केली. शेवटी चार ओळी राहिल्या. ५ मार्चचं माझ्या सहीचं उत्तर चौकशी न करता दिलेलं आहे. १२ मार्चला सहा-दहाची एकवीस नंबर गाडी माझ्या डोळ्यांदेखत सदर महिलेसाठी थांबली नाही. ही बाई खरं सांगते आहे. मी तिचा भाऊ आहे. खाली सही, हुद्दा, कक्षाचा शिक्का. शिक्का विचारल्याशिवाय मारला.

ताईनं दोनदा वाचलं. "हे दिलं की तुझं काय?"

"काढतील. नाहीतर कुठेतरी फेकतील."

"आणि तुला फेकलं की माझ्यासाठी गाडी कोण थांबवणार?"

हा विचार मी केलाच नव्हता. शपथेवर सांगतो, केला नव्हता. मी आपला शहीद व्हायला निघालेलो. पत्र नाही दिलं तर करार जातो. दिलं तर करार राहतो आणि सहा-दहाची गाडी जाते, मग उशीर, मग करार. कुठूनही निघा, शेवटचा थांबा तोच. रोज टॅक्सीनं जायचं म्हटलं तर तिचा पगार टॅक्सीवाल्याच्याच घरी जाईल. मी म्हटलं, "तू सांगशील तसं."

"माझ्यावर टाकू नकोस," ती म्हणाली. मग बुटाचे पट्टे सोडायला बसली. म्हणाली, "तीस वर्षांत माझ्याकडून कुणी खोटं ऐकलेलं नाही. ते कागदावर तरी राहू दे." पत्र तिनं पिशवीत ठेवलं.

शनिवार, २९ मार्च

करार वाढला! एक वर्ष. कंपनीच्या बाईंनी पत्र बघून "भाऊ असावा तर असा" म्हटलं म्हणे. ताईनं ते नाक मुरडून सांगितलं, पण सांगितलं. अट एकच आहे, एप्रिल महिना परीक्षेचा. तीन उशीर झाले की करार तिथंच संपला.

सोमवार, ३१ मार्च

पत्राची प्रत बसकंपनीकडे आलीच. साहेब चिडले नाहीत, तेच वाईट. बदलीचा कागद पुढे सरकवला. हरवलेल्या वस्तूंचं भांडार, शहराच्या दुसऱ्या टोकाचा डेपो, उद्यापासून. वेळ सकाळी सहा ते दुपारी दोन. मी म्हटलं, नऊची द्या, हवं तर रात्रीपर्यंत बसतो. साहेब म्हणाले, "वेळ ठरलेली आहे." भिंतीवर सत्त्याण्णव पूर्णांक चार तसाच लटकलाय.

म्हणजे पाच-दहाला कामगारांच्या गाडीनं मी घर सोडायचं. सहा-दहाला ताई थांब्यावर एकटी. शिट्टीला भेटून हातापाया पडायचं ठरवलं होतं, तर त्याची उद्यापासून महिनाभर दुपारची पाळी. म्हणाला, "मी सकाळच्यांना सांगून ठेवतो, काका." परत काका झालो.

ताईनं मला समजावलं, उलटं मला! "भांडारात फोन आहे ना? मी बोर्डावर बसले की पहिला फोन तुला लावीन. सातच्या आत वाजला की समज, पोचले."

मंगळवार, १ एप्रिल

भांडार म्हणजे तळघरासारखी लांब खोली, खिडकी एक, तीही बसच्या चाकांच्या उंचीवर. फडताळांत छत्र्या, डबे, चष्मे, कवळ्या (तीन!), एक वीणा. वस्तू आली की नऊ रकाने भरायचे, कुणी मागायला आलं की अकरा. फोन जुना, काळा, टेबलाला स्क्रूनं ठोकलेला.

सहा पंचावन्नला वाजला. "हॉस्पिटल बोर्ड. पोचले. जेवण कर वेळेवर." मी एकटाच मोठ्यानं हसलो.

बुधवार, २ एप्रिल

सात अकरा. "गाडी गेली," एवढंच म्हणाली आणि लाइन तोडली. एक.

शुक्रवार, ४ एप्रिल

काल सहा सत्तावन्न. आज सात तेरा. थांब्यावर सोळा माणसं असतात ना, मी विचारलं. म्हणाली, तू नाहीस म्हटल्यावर तेही पांगले, शिंपीणबाई आता मागच्या थांब्यापर्यंत चालत जाते, तिथं सिग्नल आहे, गाडीला थांबावंच लागतं. "मला तेवढं चालायला अर्धा तास लागतो. साडेपाचला निघून बघते." दोन.

माझ्या वरिष्ठांकडे वेळ बदलून मागितली. म्हणाले, पंधरा तारखेनंतर बघू.

सोमवार, ७ एप्रिल

सहा बावन्न. सिग्नलपाशी चालत गेली होती. आवाज दमलेला. मांडीला पट्ट्यानं सोललंय, हे तिनं सांगितलं नाही, दुपारी कापसाची पुडी दिसली तेव्हा कळलं. मी म्हटलं, मी नोकरी सोडतो. "आणि दोघंही माझ्या करारावर बसूया, नाही का?" म्हणाली. मलम मला लावू दिलं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

भांडारातूनच लिहितोय. सकाळी मी निघालो तेव्हा ती बूट चढवत होती. पाय आत जात नव्हता. म्हणाली, आज सिग्नलपर्यंत जमणार नाही, आपल्याच थांब्यावर उभी राहीन, थांबेल, रोज थोडीच चुकवतील.

सहा पन्नास. अजून वेळ आहे.

सहा अठ्ठावन्न. फोन उचलून बघितला, चालू आहे. लगेच ठेवला, न जाणो तेवढ्यात ती लावत असेल.

सात.

सात-चार. बोर्डावरचं घड्याळ पुढे असेल, मागे असेल. आल्या आल्या कामात अडकली असेल. हॉस्पिटल आहे, माणसं काय सांगून आजारी पडतात?

सात-नऊ. साडेसहाची गाडी पोचली असेल. त्या गाडीनं गेली तरी फोन यायला हवा.

सात सतरा.

सात तेवीसला वाजला. पहिल्या घंटीला उचलला. "ताई?"

दुसरीच बाई होती. एकवीस नंबरमधून उतरत होती, एक पाय खाली टेकला तोच गाडी निघाली, चप्पल आत राहिली. आली आहे का आमच्याकडे? मी म्हटलं, नंतर करा, लाइन मोकळी हवी आहे. ती म्हणाली, "अहो, मी रस्त्यात एका चपलेवर उभी आहे. आधी लिहून तर घ्या."

मी रजिस्टर ओढलं. रंग विचारला. कुठला थांबा, ते विचारलं. डाव्या पायाची की उजव्या, ते विचारलं.